बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचंय? कॅप राउंड, कागदपत्रं, ऑप्शन फॉर्म : दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या ज्युनियर कॉलेजात बारावी सायन्सला फिजिक्स शिकवतो, चौदा वर्षं झाली. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे दोन-अडीच महिने आमच्या स्टाफरूमच्या दारात मुलं आणि पालक उभे असतात, फोन तर रात्री अकरापर्यंत चालू असतो, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. हे सगळं महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल आहे, पण फार्मसीवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. कॅप म्हणजे मेरिटवर सगळ्या कॉलेजांच्या जागा एकत्र वाटायची सरकारी प्रक्रिया, तिच्या एकेका फेरीला राउंड म्हणतात. एक गोष्ट आधीच सांगतो, इतक्या वर्षांत मार्क कमी पडले म्हणून सीट गेलेली मुलं मी पाहिलीत, पण त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलीत ती कागद वेळेत नव्हता म्हणून किंवा फॉर्म दुसऱ्याने भरला म्हणून सीट गेलेली. त्याचंच मला वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.

सर, मला सीईटीला ९१ पर्सेंटाईल आहेत, म्हणजे ९१ टक्केच ना?

नाही. पर्सेंटाईल म्हणजे तुझ्या शिफ्टला जेवढी मुलं बसली होती त्यातल्या शंभरातली ९१ मुलं तुझ्याएवढी किंवा तुझ्याखाली आहेत. परीक्षा बऱ्याच शिफ्टमध्ये होते, एखाद्या शिफ्टचा पेपर अवघड एखाद्याचा सोपा, म्हणून कच्चे मार्क न बघता पर्सेंटाईल काढतात. पेपर २०० मार्कांचा असतो, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे आणि फिजिक्स केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे २०० पैकी ११० पडलेल्या मुलालाही चांगले पर्सेंटाईल येऊ शकतात, घरच्यांना हे आधीच समजावून सांगा नाहीतर ते ११० बघून रागावतात.

अजून एक. पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबीचे (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) पर्सेंटाईल वेगवेगळे असतात. इंजिनिअरिंगला पीसीएमचे चालतात. दोन्ही ग्रुप दिलेली मुलं कधी कधी पीसीबीचा आकडा धरून कटऑफ बघत बसतात.

मग बारावीच्या मार्कांना काही किंमतच नाही का?

आहे. ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के, ठरवून दिलेल्या तीन विषयांचे मिळून, एवढे लागतातच. सीईटीला ९५ पर्सेंटाईल आणि बोर्डात ग्रुपला ४३ टक्के असा एक ओपनचा मुलगा माझ्याकडे आला होता, त्याला काय सांगायचं सांगा. जानेवारीत क्लासवाले म्हणतात बोर्ड सोडा फक्त सीईटीचे एमसीक्यू करा, त्यांचं ऐकू नका. आणि सीईटीत अकरावीवरही साधारण २० टक्के प्रश्न असतात, म्हणजे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हा समजही काढून टाका.

मी मराठी मिडियमचा आहे, जमेल का?

जमेल. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मराठीतून देता येते, मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीतच असतं, म्हणून गणितातले इंग्रजी शब्द बारावीच्या सुरुवातीपासून वहीत लिहीत चला. फर्स्ट इयरला पहिले दोन-तीन महिने जड जातात, लेक्चर डोक्यावरून जातं, वर्गात प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. हे सगळ्यांचं होतं. माझे झेडपीच्या शाळेत शिकलेले विद्यार्थी आज चांगल्या ठिकाणी आहेत आणि त्यांनीही पहिल्या सेमिस्टरला मला फोन करून सर परत येतो म्हटलं होतं.

कोणकोणते कागद लागतात आणि कधी काढायचे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो बारावीच्या निकालानंतर विचारला जातो हीच अडचण आहे. खरं तर अकरावीच्या दिवाळीत विचारायला पाहिजे.

दहावी-बारावीचं मार्कशीट, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल म्हणजे रहिवासी दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, आधार हे सगळ्यांना. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी यांना याशिवाय नॉन क्रिमीलेअर. एससी-एसटीला नॉन क्रिमीलेअर लागत नाही, तरी दरवर्षी कुणीतरी त्यासाठी सेतूमध्ये दोन दिवस घालवतं. ओपनमधून ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गट, घ्यायचं असेल तर त्याचा दाखला राज्याच्या नमुन्यातला काढा. जेईईवरून एनआयटी वगैरेला फॉर्म भरणार असाल तर तिथे ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो, एका दाखल्यावर दोन्हीकडे भागत नाही. आणि फीसवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

नॉन क्रिमीलेअरची तारीख नीट बघा. ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असायला हवा. २०२६ च्या जूनमध्ये प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. घरात फाईलला जुना लावलेला असतो, आई म्हणते आहे की आपल्याकडे, आणि व्हेरिफिकेशनला बसल्यावर कळतं की तो मार्चमध्येच संपला.

कास्ट व्हॅलिडिटीचं नेमकं काय करायचं?

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

जातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, पण व्हॅलिडिटी म्हणजे तो दाखला खरा आहे हे जात पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाईन भरायचा, कॉलेजचं शिफारसपत्र जोडायचं, प्रतिज्ञापत्रं जोडायची आणि मग पुरावे. पुरावे कसले, तर तुमच्या आजोबा-पणजोबांच्या नावापुढे जात लिहिलेला जुना कागद. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजे-एनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असेल तर उत्तम, नंतरचा कागद असेल तर तुमचं कुटुंब त्या तारखेच्या आधीपासून इथलंच आहे हे दाखवावं लागतं.

आता हा कागद आणायचा कुठून? आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो, एका मुलीच्या वडिलांना आपले आजोबा कुठल्या शाळेत होते तेच माहीत नव्हतं, मी त्यांच्याबरोबर तीन गावं फिरलो. तिसऱ्या गावच्या शाळेत हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं, लाल कापडात बांधलेलं, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, निळी शाई तपकिरी झालेली. १९४१ सालच्या पानावर पणजोबांचं नाव होतं, जात होती, आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं होतं "गुरे राखणे". तिचे वडील ते पान कितीतरी वेळ बघत बसले होते. त्या एका ओळीवर तिची व्हॅलिडिटी झाली.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचून मराठीत लिहून देणारे जाणकार असतात, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्या. आणि सगळ्यात सोपा रस्ता, वडील, सख्खे काका, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती जोडा, काम खूप हलकं होतं. भावकीत भांडण असेल तर यासाठी तरी मिटवा, मी गंभीरपणे सांगतोय.

याला महिने लागतात म्हणून अर्ज अकरावी संपताना टाका. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत दिली आहे हे खरं, पण त्या भरवशावर बसू नका, मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर सीट ओपनमध्ये मोजली जाते नाहीतर जाते.

माझं नाव आधारवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं आहे, चालेल?

आत्ता दुरुस्त करून घे, नंतर स्कॉलरशिपला अडकतं. एकीकडे आईचं नाव, एकीकडे वडिलांचं, कुठे आडनाव आधी कुठे नंतर, हे फार होतं. मार्कशीटवरचं नाव प्रमाण धरून बाकीचं त्याप्रमाणे करायचं.

फॉर्म नेट कॅफेतून भरला तर चालतो ना?

कॅफेत बसून भरा, त्याला हरकत नाही, घरी कॉम्प्युटर सगळ्यांकडे कुठे असतो. पण मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या. एका मुलाच्या फॉर्मवर कॅफेवाल्याने घाई होती म्हणून स्वतःचा नंबर टाकला, सगळे ओटीपी त्याच्याकडे जायला लागले, आणि सीट कन्फर्म करायच्या शेवटच्या दिवशी तो लग्नाला गेलेला, फोन लागेना. संध्याकाळी पाचची मुदत होती. तो मुलगा आणि त्याची आई बंद शटरपुढे पायरीवर बसून होते, मी साडेपाचला पोचलो तेव्हाही तिथेच होते. त्या राउंडची सीट गेली.

व्हेरिफिकेशनला दोन पर्याय असतात, ई-स्क्रूटिनी म्हणजे घरबसल्या, किंवा प्रत्यक्ष सुविधा केंद्रावर जाऊन. कागद सरळ असतील तर ई-स्क्रूटिनी घ्या, पण रोज लॉगिन करून बघत जा, कारण त्यांनी त्रुटी काढून फॉर्म परत पाठवला असेल तर तो दुरुस्त करून पुन्हा सबमिट तुम्हालाच करायचा असतो. कागदात काही घोळ असेल तर सरळ केंद्रावर जा, समोरासमोर लवकर सुटतं. मग तात्पुरती मेरिट लिस्ट लागते, तिच्यात आपली कॅटेगरी, मार्क, होम युनिव्हर्सिटी बरोबर आहे का हे बघायचं आणि चूक असेल तर त्या दोन-तीन दिवसांतच तक्रार टाकायची. फायनल लिस्ट लागली की संपलं.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे काय? आम्ही साताऱ्याचे पण मुलगी लातूरला शिकली.

तुमची दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातच झाली असेल तर बारावी जिथून दिली ते ठिकाण ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं ती होम युनिव्हर्सिटी. म्हणजे घर साताऱ्याला असलं, शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत, तरी बारावी लातूरमधून दिली तर मुलीची होम युनिव्हर्सिटी नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ होते. खूप पालकांना हे ॲडमिशनच्या वेळी कळतं. बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीला आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, त्यामुळे गावाजवळच्या कॉलेजातच तुम्ही बाहेरचे ठरता. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्य पातळीवरच्या जागा असतात, तिथे हा फरक पडत नाही.

कोटा किंवा हैदराबादवरून बारावी दिलेल्यांना स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या डोमिसाईलवर यावं लागतं. आणि बेळगाव, निपाणी, कारवार या सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी वेगळा उमेदवार प्रकार आहे, टाईप ई, तिकडच्या नातेवाइकांना जरूर कळवा, त्यांच्यापैकी अनेकांना हे कुणी सांगतच नाही.

कटऑफची पीडीएफ उघडली तर काहीच कळत नाही, जी ओपन एच, एल ओपन एस, हे काय आहे?

पहिलं अक्षर जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग कॅटेगरी. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळी. खाली दोन आकडे असतात, वरचा मेरिट नंबर आणि कंसातला पर्सेंटाईल. एआय लिहिलेलं असेल तर ती ऑल इंडिया सीट, खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या १५ टक्के जागा जेईई मेनवरून भरतात त्या. म्हणून जेईईला बरे मार्क असतील तर कॅपच्या फॉर्ममध्ये तोही स्कोअर टाका.

मुलींनो, तुम्ही जी आणि एल दोन्हींत मोजल्या जाता, फक्त एल बघू नका. आणि कटऑफ नुसता पहिल्या राउंडचा बघू नका, मागच्या दोन वर्षांचे सगळे राउंड बघा, शेवटच्या राउंडला बऱ्याच ठिकाणी खाली येतो.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम कसा लावायचा? मला जिथे नंबर लागेल तेच वर टाकू ना?

नाही, नाही आणि नाही. हेच सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं.

ऑप्शन फॉर्म म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या कॉलेज-ब्रँचची पसंतीच्या क्रमाने यादी. त्या यादीवर कॉम्प्युटर काय करतो ते समजून घ्या. तो मेरिट लिस्टच्या पहिल्या मुलापासून सुरू करतो, त्याचा पहिला ऑप्शन बघतो, जागा आहे का, असेल तर दिली, नसेल तर दुसरा, मग तिसरा. तुमची पाळी आली की तुमचाही एकापासून खाली बघत येतो आणि जिथे पहिल्यांदा जागा मिळते तिथे थांबतो. म्हणजे तुम्ही पहिल्या दहा नंबरवर अशक्य वाटणारी कॉलेजं टाकली आणि ती नाही मिळाली, तर अकराव्या नंबरच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क काडीइतकाही कमी होत नाही, कारण तिथे जागा तुमच्या मेरिटवर मिळते, तुम्ही ते कितव्या नंबरवर लिहिलं यावर नाही. पण जर मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं तर कॉम्प्युटर तिथेच थांबणार, खाली तुमच्या आवडीचं कॉलेज रिकामं असलं तरी त्याला काय माहीत.

तर क्रम फक्त एका प्रश्नावर लावायचा, ही दोन्ही कॉलेजं माझ्यापुढे ठेवली तर मी कुठलं घेईन? कागदावर चिठ्ठ्या करा, एकेका चिठ्ठीवर कॉलेज आणि ब्रँच, जमिनीवर पसरा, दोन-दोन घेऊन वरखाली करा. आमच्याकडे मुलं हॉलमध्ये फरशीवर बसून हेच करतात, पंख्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून डस्टर आणि कंपासपेट्या ठेवलेल्या असतात. ऑप्शन ३०० पर्यंत टाकता येतात, एवढे लागत नाहीत, पण पंधरा टाकून थांबू नका, पन्नास-साठ तरी टाका आणि शेवटी खात्रीची आठ-दहा असू द्या. जिथे जायचंच नाही ते मात्र यादीत कुठेही नको.

२०२५ पासून नियम कडक झालेत त्यामुळे हे आणखीन महत्त्वाचं झालंय. त्या वर्षी चार राउंड ठेवले आणि पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ, पुढच्या राउंडला जाता येत नाही. माझा एक विद्यार्थी, ९१ पर्सेंटाईलचा, कुणीतरी सांगितलं म्हणून जवळचं कॉलेज सेफ म्हणून पहिल्या नंबरवर टाकून बसला. पहिल्याच राउंडला मिळालं आणि लॉक झालं. ज्या कॉलेजला त्याला जायचं होतं ते त्याच राउंडला ८९ वर बंद झालं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. मीही बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाऊनलोड करून वाचा, निदान कॅप राउंडचं प्रकरण तरी.

सीट लागली, आता फ्रीझ करू की बेटरमेंटला जाऊ?

मिळालेलीच हवी असेल तर फ्रीझ. वरच्यापैकी काही हवं असेल तर १००० रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरून बेटरमेंट घ्या. वरची मिळाली तर जुनी आपोआप जाते, नाही मिळाली तर जुनी हातात राहते. यात लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की वरची मिळाली आणि मग वाटलं की जुनीच बरी होती, तर ती परत मिळत नाही. म्हणून पुन्हा तेच, यादीत आपल्या मिळालेल्या सीटच्या वर खरोखर जास्त आवडणारंच असलं पाहिजे. आणि पैसे न भरता, काहीच न करता गप्प बसलात तर सीट रद्द होते.

ब्रँच महत्त्वाची की कॉलेज?

माझं मत सांगतो, दुसऱ्या कुणाचं वेगळं असू शकतं. कॉलेज सरकारी किंवा जुनं नावाजलेलं असेल, सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, कराडचं सरकारी, अशा ठिकाणी दोन नंबरची ब्रँच मिळत असेल आणि त्या विषयाचा तिटकारा नसेल तर मी तीच घ्यायला सांगतो. सोबतची मुलं अभ्यास करणारी असतात, सीनियर असतात, फी बरीच कमी असते. पण मशीनकडे बघायलाही नको वाटणाऱ्या मुलाला मेकॅनिकलला ढकलू नका, चार वर्षं फार मोठी असतात.

सगळ्यांना कॉम्प्युटर हवं असतं. घ्या, पण नवीन निघालेल्या कॉलेजात एआय डेटा सायन्स असं नाव बघून घेऊ नका, तिथे शिकवणारं कोण आहे ते विचारा.

कॉलेज चांगलं आहे हे ओळखायचं कसं? सगळ्यांचे बोर्ड सारखेच असतात.

स्वतः जाऊन बघा, शक्यतो कामाच्या दिवशी, ॲडमिशनच्या टेबलावर न थांबता आत. मागे एका पालकांबरोबर मी गेलो होतो, वर्कशॉप दाखवा म्हटलं तर किल्ली शोधायला अर्धा तास गेला, आत लेथ मशीनवर प्लास्टिक तसंच घातलेलं आणि त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. आम्ही तिथूनच परतलो. दुसऱ्या एका साध्या इमारतीच्या कॉलेजात चार वाजून गेले तरी लॅबमध्ये मुलं होती आणि सर त्यांच्याबरोबर खाली बसून वायर जोडत होते, ती मुलगी तिथेच गेली आणि तिचं भलं झालं.

थर्ड इयरच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. लेक्चर होतात का, लायब्ररी किती वाजेपर्यंत, मागच्या वर्षी तुमच्या ब्रँचच्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला. सगळ्यात मोठा पॅकेजचा आकडा विचारू नका, तो एकाच मुलाचा असतो. नॅक मानांकन कॉलेजचं असतं आणि एनबीए मानांकन त्या त्या ब्रँचचं, आपल्या ब्रँचला आहे का ते बघा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय?

ट्यूशन फी माफ असलेल्या जास्तीच्या जागा, मंजूर जागांच्या ५ टक्के, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. यात जातीचं आरक्षण नसतं, निव्वळ मेरिट, त्यामुळे कटऑफ चढा असतो. ऑप्शन फॉर्ममध्ये याचा कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो, तो वेगळा टाकावा लागतो. अर्ज भरताना त्याचा हो निवडला नाही तर पुढे दिसतच नाही.

फीचं कसं जमवायचं? आमची शेती तीन एकर आहे सर.

आधी फी नीट समजून घ्या. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, कॉलेजने सांगितलेला आकडा त्यांच्या वेबसाईटवर ताडून बघा. मग महाडीबीटी, म्हणजे सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन फीत ५० टक्के सवलत आहे. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. एससी, एसटी, व्हीजे-एनटीच्या योजना वेगळ्या आहेत, त्याही तिथेच. हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी, तीन एकरवाले त्यात बसतात.

पण हे सगळं कॅपमधून प्रवेश घेतला तरच. कॉलेज पातळीवरच्या म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात की यातलं काहीही मिळत नाही. एजंट फोनवर हे सांगत नाहीत, ते म्हणतात स्कॉलरशिप बसवून देतो. त्यांना एक रुपयाही देऊ नका, आणि ओरिजनल कागद तर अजिबात देऊ नका.

मेस, हॉस्टेल, प्रवास कुठल्याच फीमाफीत येत नाही हे धरूनच हिशेब करा. कर्ज काढायचं झालं तर ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंतही घर-जमीन गहाण ठेवायची गरज पडू नये, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. जमीन विकायचा विचार असेल तर विकण्याआधी एकदा मला भेटा, एवढीच विनंती.

मुलीला एवढ्या लांब पाठवावं का? जवळचं कॉलेज काय वाईट आहे?

हा प्रश्न वडील विचारतात, मुलगी शेजारी खाली मान घालून उभी असते. मला वडिलांची काळजी कळते, मलाही मुलगी आहे. मी त्यांना म्हणतो, दादा, एकदा तिला घेऊन जाऊन या, हॉस्टेल बघा, रेक्टर मॅडमशी बोला, एसटी स्टँडपासून किती वेळ लागतो बघा. बघून आल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो कारण भीती न बघितलेल्या गावाची असते. फी माफ, मुलींना ३० टक्के जागा, सरकारी कॉलेजात हॉस्टेल, आणि तरी ९४ पर्सेंटाईलची मुलगी घराजवळच्या रिकाम्या वर्गात बसते तेव्हा मला फार त्रास होतो. आणि मुलींनो, तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही बोला, मी तुमच्या बाजूने बोलेन पण सुरुवात तुम्ही करा.

नंबरच लागला नाही किंवा मनासारखं नाही मिळालं तर?

शेवटच्या राउंडनंतर रिकाम्या जागा कॉलेज पातळीवर भरतात, त्याच्या जाहिराती बघत राहा. बारावी सायन्सवरून पॉलिटेक्निकला थेट सेकंड इयरला जाता येतं आणि दोन वर्षांनी डिप्लोमा करून पुन्हा डिग्रीच्या सेकंड इयरला. एक वर्ष जास्त जातं, पण हात चांगला बसतो, मी हा रस्ता मनापासून सुचवतो. बीएस्सी हाही रस्ता आहे, त्याला कमी समजू नका. ड्रॉप घ्यायचा असेल तर मार्क नेमके कशामुळे गेले हे एका कागदावर लिहा, ते लिहिता आलं नाही तर ड्रॉप घेऊ नका.

दुसरीकडे मिळालं आणि ॲडमिशन रद्द केली तर पैसे बुडतात का?

ठरवून दिलेल्या शेवटच्या तारखेच्या आत लॉगिनमधून रद्द केली तर १००० रुपये कापून बाकी परत मिळतात. तोंडी सांगून रद्द होत नाही.

रिपोर्टिंगला जाताना काय न्यायचं?

सगळे ओरिजनल, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, पासपोर्ट फोटो दहा-बारा, अलॉटमेंट लेटर, सीट ॲक्सेप्टन्सची पावती. टीसीच्या तर सहा झेरॉक्स काढा कारण ओरिजनल तिथे जमा होते आणि पुढे बस पासला, बँकेला, सगळीकडे तीच मागतात. सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, आदल्या दिवशी जा, सकाळची पहिली एसटी धरा, डबा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या कारण रांग दुपारपर्यंत चालते. कॉलेजने दिलेली प्रवेशाची पावती हातात पडल्याशिवाय, आणि लॉगिनला ॲडमिटेड असं दिसल्याशिवाय तिथून निघू नका. दिसलं की मला एक मेसेज टाका.